दाढेची सुई आणि हृदयावरचा ताण

पांढरकवड्याच्या आसपास कुणाची दाढ दुखायला लागली की आधी लवंग धरली जाते, मग मेडिकलमधून गोळी येते, आणि कापसाची वेचणी आटोपेपर्यंत दिवस ढकलले जातात. दवाखान्याची पायरी चढली जाते ती गाल सुजल्यावर. तोवर माणसाला दाढेपेक्षा सुईचीच धास्ती जास्त बसलेली असते. त्यात वय साठीच्या पुढे असेल, बीपीची गोळी सुरू असेल किंवा एकदा अटॅक येऊन गेला असेल, तर घरातले सगळे एकच प्रश्न विचारतात: भुलीच्या इंजेक्शनने हृदयाला काही होणार तर नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. दंतवैद्याच्या खुर्चीत उद्भवणाऱ्या तातडीच्या प्रसंगांच्या पाहण्या अनेक देशांत झाल्या आहेत. यातले बहुतेक प्रसंग भूल देताना किंवा ती दिल्यानंतर लगेच घडतात, असे त्यांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. म्हणून सगळा दोष इंजेक्शनावर जातो. पण त्या काही मिनिटांत शरीरात एकाच वेळी अनेक गोष्टी चाललेल्या असतात. औषध रक्तात शिरत असते, सुईची भीती टिपेला पोचलेली असते, दाढ ठणकत असते आणि माणूस बऱ्याचदा सकाळपासून उपाशी असतो. यातले हृदयाला नेमके काय सोसत नाही, याचा उलगडा झाल्याशिवाय काळजी कशाची घ्यायची हे कळत नाही. वैद्यकशास्त्राला आजवर जे कळले आहे ते सलग मांडले, तर निष्कर्ष बराच स्पष्ट निघतो. बहुसंख्य रुग्णांच्या हृदयाला धोका औषधाच्या थेंबांतून कमी आणि भीती, अर्धवट भूल व न विचारलेले प्रश्न यांतून जास्त असतो. आणि या तिन्ही गोष्टींवरचा इलाज तालुक्याच्या गावी होण्याजोगा आहे.

सुईत काय असते

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून जबडा बधिर केला. पण कोकेनचे व्यसन लागते आणि ते हृदयालाही घातक असते. त्यामुळे पर्यायाचा शोध सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन तयार केले. त्याच सुमारास जोकिची ताकामिने यांनी अ‍ॅड्रेनलिन शुद्ध रूपात वेगळे केले, तर जर्मन शल्यविशारद हाइनरिश ब्राउन यांनी ते भुलीच्या औषधात मिसळायला सुरुवात केली. आज आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी बनवले आणि १९४८ पासून ते बाजारात आले.

अ‍ॅड्रेनलिन मिसळण्यामागे साधे कारण आहे. त्याने रक्तवाहिन्या आकसतात. भुलीचे औषध जागेवर टिकून राहते, रक्तात हळूहळू उतरते आणि दात काढताना रक्तस्रावही कमी होतो. नुसत्या लिग्नोकेनने दाताची नस जेमतेम पाच-दहा मिनिटे बधिर राहते, तर अ‍ॅड्रेनलिनसह तासभर. शंकेला जागा मिळते ती इथेच, कारण अ‍ॅड्रेनलिन हृदयाचे ठोके वाढवते आणि रक्तदाबही वर नेते.

आपल्याकडच्या दंतवैद्यांकडे साधारणपणे ३० मिलिलिटरची बाटली असते. तिच्यावर २ टक्के लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिनचे प्रमाण छापलेले असते, ते १:८०,००० किंवा १:२,००,०००. पहिल्या प्रकारच्या एका मिलिलिटरमध्ये साडेबारा मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनलिन असते, दुसऱ्यात पाच. खालची एक दाढ काढायला सुमारे दोन मिलिलिटर औषध लागते. म्हणजे पहिल्या बाटलीतून रुग्णाला २५ मायक्रोग्रॅम मिळतात, दुसरीतून १०. धडधाकट प्रौढासाठी एका बैठकीची मर्यादा २०० मायक्रोग्रॅम मानली जाते, हृदयरोग्यासाठी ४०. तीव्र अ‍ॅलर्जीत जीव वाचवायला डॉक्टर मांडीच्या स्नायूत ५०० मायक्रोग्रॅम टोचतात, हेही शेजारी ठेवून पाहावे. एका दाढेची मात्रा त्याच्या विसाव्या हिश्शाएवढी आहे आणि तीही हिरडीच्या ऊतींतून सावकाश उतरते.

खुर्चीत काय काय घडू शकते

सुई टोचल्यावर ‘काहीतरी झाले’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याच्यामागे निरनिराळ्या घटना असतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता आल्या, तर अर्धे काम होते.

सर्वांत जास्त वेळा घडणारी घटना म्हणजे भोवळ. भीतीने शरीर आधी उसळते आणि मग एकदम उलट दिशेने जाते. नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, चेहरा पांढराफटक पडतो, घाम सुटतो, जांभया येतात आणि माणूस मान टाकतो. खुर्ची आडवी करून पाय उंच केले की बहुतेक जण मिनिटाभरात डोळे उघडतात. ही भोवळ तरुण, धडधाकट पुरुषांतही भरपूर दिसते, त्यामुळे तिच्यावरून हृदय कमकुवत असल्याचा अर्थ काढू नये.

दुसरी घटना धडधडीची. औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेले किंवा झपाट्याने सोडले गेले, तर अ‍ॅड्रेनलिन एकदम हृदयापर्यंत पोचते. छाती धडधडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तात टिकते मोजकी मिनिटे, म्हणून हे लवकर ओसरते. रुग्ण मात्र घरी जाऊन ‘मला या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे’ असे सांगत राहतो. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फारच क्वचित आढळते. भीतीने भराभर श्वास घेतल्यामुळे ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, तीही वेगळी गोष्ट आहे.

तिसरा गट गंभीर आहे. आधीच अरुंद झालेल्या हृदयवाहिन्यांवर ठोके आणि रक्तदाब वाढल्याने ताण पडला, तर छातीत कळ येऊ शकते आणि क्वचित खरा झटकाही. हृदयाची लय बिघडू शकते. खूप वाढलेल्या रक्तदाबात मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. लिग्नोकेनची एकूण मात्राच हद्दीबाहेर गेली, तर जीभ जड होणे, कानात आवाज येणे, आकडी येणे आणि शेवटी हृदय मंदावणे अशी विषबाधा होते. लहान मुले आणि किडकिडीत वृद्ध यांच्यात ही हद्द लवकर येते, कारण मात्रा वजनावर ठरते.

चौथी घटना या तिन्हींहून वेगळी, आणि आपल्या विषयाचा गाभा तिच्यातच आहे.

ताणाने फुगलेले हृदय

जपानमध्ये हिरोशिमाच्या डॉक्टरांना १९८३ साली एक रुग्ण भेटली. छातीत कळ, ईसीजी झटक्यासारखा, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नाही. डाव्या कप्प्याचे टोक मात्र आकुंचन न पावता फुगून राहिले होते. १९९० साली हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन केले आणि ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारख्या आकारावरून त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हटले. २००४ साली जपानमधल्या निगाता भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर तिथे या विकाराचे रुग्ण वाढलेले दिसले आणि जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

२००५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अचानक मानसिक धक्का बसल्यानंतर असे हृदय झालेल्या १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातली संप्रेरके मोठ्या झटक्याच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पटींनी जास्त निघाली. २०१५ साली युरोप आणि अमेरिकेतल्या २६ केंद्रांनी एकत्र येऊन १,७५० रुग्णांची माहिती मांडली. त्यांत जवळपास ९० टक्के स्त्रिया होत्या, सरासरी वय ६६ च्या पुढचे. ३६ टक्के रुग्णांत कारण शारीरिक होते (शस्त्रक्रिया, दुखणे, श्वासाचा त्रास असे), सुमारे २८ टक्क्यांत मानसिक, आणि तितक्याच जणांत कारण सापडलेच नाही. आपोआप बरा होणारा निरुपद्रवी आजार ही त्याची जुनी ओळख याच अभ्यासाने पुसली. पाचांतल्या एकाहून अधिक रुग्णाला रुग्णालयात गंभीर गुंतागुंत झाली. पंपाची ताकद बहुतेकांत काही आठवड्यांत परत येते, पण ते पहिले दिवस पार पडावे लागतात.

दंतोपचार आणि ताकोत्सुबो यांची सांगड घालणाऱ्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, पण त्या एकेकट्या रुग्णांच्या. जगभर रोज टोचल्या जाणाऱ्या भुलीच्या सुयांपुढे त्यांची संख्या नगण्य आहे. तरीही त्या बाजूला सारता येत नाहीत, कारण या विकाराची दोन्ही इंधने खुर्चीत एकत्र येतात. आतून भीतीने सुटलेले अ‍ॅड्रेनलिन आणि बाहेरून टोचलेले अ‍ॅड्रेनलिन. इतर उपचारांत अ‍ॅड्रेनलिन चुकून जास्त दिल्यानंतर ताकोत्सुबो झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणजे बाहेरच्या मात्रेनेही हे घडू शकते हे सिद्ध आहे. त्यामुळे मात्रा मोजण्याला महत्त्व आहे, आणि भीती मोजण्यालाही.

पाळी जाऊन बरीच वर्षे झालेली बाई, मनावर मोठा ताण आणि अंगात तीव्र वेदना हे या विकाराचे ठरलेले चित्र. पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्यात आणि साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात या चित्रात बसणाऱ्या बायका घरोघरी आहेत. कपाशीची नापिकी, कर्ज, घरातल्या कर्त्या पुरुषाने जीव दिल्यावर एकटीने ओढलेला संसार. दाढेला पू झालेला असतानाही त्या दिवसभर वेचणी करतात. अशी बाई खुर्चीत बसते तेव्हा तिचा रक्तदाब मोजणे आणि तिच्याशी दोन वाक्ये बोलणे हा उपचाराचाच भाग आहे.

अ‍ॅड्रेनलिन टाळावे का?

हृदयरोग्याला अ‍ॅड्रेनलिन नसलेली भूल द्यावी, असा समज रुग्णांत आहे आणि काही डॉक्टरांतही. त्यावरची चर्चा जुनी आहे. १९५५ साली न्यूयॉर्कच्या हृदयरोग संघटनेने वरची मर्यादा घालून दिली. १९६४ साली अमेरिकेतल्या हृदयरोग आणि दंतवैद्यक संघटनांनी एकत्र बसून ठरवले की नेहमीच्या प्रमाणातले अ‍ॅड्रेनलिन, सुई रक्तवाहिनीत नाही याची खात्री करून सावकाश दिले, तर हृदयरोग्याला वर्ज्य नाही. नंतरच्या अभ्यासांतही हाच कल राहिला. दोन मिलिलिटरच्या आसपासच्या मात्रेनंतर रक्तातले अ‍ॅड्रेनलिन वाढते खरे, पण स्थिर हृदयरोग्यांच्या ठोक्यांत आणि रक्तदाबात होणारा फरक साधारणपणे लहान असतो.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहायला हवे. शरीर ताणात असताना मूत्रपिंडावरच्या ग्रंथी विश्रांतीच्या वेळेपेक्षा कितीतरी पट अ‍ॅड्रेनलिन सोडतात. दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ही वाढ चाळीस पटींपर्यंत सांगितली जाते. अ‍ॅड्रेनलिन वगळल्यामुळे भूल दहा मिनिटांत उतरली आणि दाढ अर्धी निघालेली असताना कळ मस्तकात गेली, तर शरीर स्वतः जे सोडेल ते बाटलीतल्या २५ मायक्रोग्रॅमला सहज मागे टाकेल. थोडक्यात, हृदय जपायला म्हणून दिलेली अपुरी भूलच हृदयावर उलटू शकते.

अपवाद आहेत आणि ते काटेकोर पाळायचे असतात. नुकताच झटका येऊन गेलेला, विश्रांतीतही छातीत दुखणारा, न आटोपलेल्या हृदय-अपयशाचा किंवा धोकादायक लयबिघाडाचा रुग्ण असेल, तर तातडी नसलेले काम पुढेच ढकलावे. थायरॉइड अति काम करत असून त्यावर उपचार नसतील, तर अ‍ॅड्रेनलिन टाळावे. प्रोप्रॅनोलॉलसारखी सर्वव्यापी बीटा-ब्लॉकर औषधे सुरू असतील, तर अ‍ॅड्रेनलिनने रक्तदाब एकदम चढून नाडी मंदावू शकते, म्हणून मात्रा अगदी कमी ठेवून लक्ष द्यावे. प्रोप्रॅनोलॉल हृदयासाठीच नव्हे तर अर्धशिशी, हातांचा कंप आणि घबराट यांसाठीही दिले जाते. त्यामुळे ‘हृदयाची गोळी आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही, गोळ्यांची पाकिटेच पाहावी लागतात. नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांबाबतही हीच सावधगिरी लागते.

पू, खर्रा आणि फसलेली भूल

आपल्या भागापुरते बोलायचे तर सर्वांत मोठी अडचण दोन गोष्टींतून येते, उशिरा येण्यातून आणि खर्ऱ्यातून.

पू झालेल्या जागेतल्या ऊती आम्लधर्मी होतात. लिग्नोकेनचे रेणू नसेच्या आवरणातून आत शिरायला जे रूप लागते, ते आम्लात फार कमी उरते. म्हणून सुजलेल्या दाढेला भूल लागत नाही. डॉक्टर पुन्हा टोचतात, मग पुन्हा. प्रत्येक खेपेला अ‍ॅड्रेनलिनची मात्रा वाढते, वेदना तशीच राहते आणि रुग्णाचा धीर खचत जातो. हृदयाला सर्वांत जास्त छळणारी स्थिती हीच. यावर उपाय आहेत: सुजेपासून दूर, नसेच्या मुळाशी भूल देणे, पू आधी वाहून जाऊ देणे, आणि स्थिती पाहून संसर्ग थोडा उतरल्यावर दाढ काढणे. पण मुळातला उपाय रुग्णाच्या हातात आहे. ठणका सुरू झाला त्या आठवड्यात आलेल्या माणसाला एका सुईत भूल लागते.

खर्रा ही विदर्भाच्या पानठेल्यावरची नित्याची गोष्ट. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला. वर्षानुवर्षे तो गालात ठेवल्याने आतली त्वचा कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात, अशा रुग्णाच्या दोन, कधी एकच. खालच्या जबड्याची भूल देताना डॉक्टर अंगठ्याने जबड्याच्या उभ्या भागाच्या पुढच्या कडेचा खळगा चाचपतात, विरुद्ध बाजूच्या दातांवरून सिरिंज तिरकी आणतात आणि सुई हाडाला टेकेपर्यंत आत नेतात. मग दट्ट्या किंचित मागे ओढतात. सिरिंजमध्ये रक्ताचा लाल धागा दिसला तर सुई वाहिनीत आहे, तिथे एक थेंबही सोडायचा नाही. काही दिसले नाही तरच औषध सोडायचे, मिनिटाला साधारण एक मिलिलिटर या चालीने. तोंड दोन बोटेच उघडत असेल तर यातली प्रत्येक पायरी अवघड होते, सुई चुकीच्या जागी जाते आणि फेरे वाढतात. शिवाय तंबाखूतले निकोटीन स्वतःच ठोके आणि रक्तदाब वाढवते. खुर्चीत बसण्याआधी दवाखान्याच्या दारात खर्ऱ्याचा शेवटचा बार तोंडात टाकणाऱ्याचे हृदय सुईआधीच धावत असते.

सुईआधीची दहा मिनिटे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष वाढलेल्या रक्तदाबाचे किंवा त्यावरची गोळी घेणारे निघाले. म्हणजे दंतवैद्याच्या बाकड्यावर बसलेल्या दर चार-पाच माणसांत एक. यातल्या अनेकांना ते माहीतही नसते. म्हणून रक्तदाब मोजल्याशिवाय सुई नाही, हा नियम प्रत्येक दवाखान्याने करावा. यंत्र हजार-दोन हजार रुपयांत मिळते. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल, तर तातडी नसलेले काम थांबवून रुग्णाला फिजिशियनकडे पाठवावे. थोडे बसवून पुन्हा मोजावे हेही महत्त्वाचे, कारण पायऱ्या चढून किंवा पाटणबोरीहून उभ्याने बसप्रवास करून आलेल्याचा पहिला आकडा फुगलेलाच येतो.

त्यानंतर प्रश्न. झटका आला होता का, कधी, स्टेंट टाकला आहे का? दोन जिने चढताना दम लागतो का? कोणत्या गोळ्या आहेत आणि आज घेतल्या का? ‘दात काढायचा आहे’ म्हणून परस्पर गोळ्या बंद करून येणारे पुष्कळ असतात. रक्तदाबाची गोळी बंद केल्याने रक्तदाब उसळतो. रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवणे स्टेंट असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. साध्या दात काढण्यातला रक्तस्राव बोळा दाबून आणि टाके घालून थांबतो, बंद झालेला स्टेंट तसा उघडत नाही. मधुमेह्याने उपाशी पोटी येऊ नये, साखर उतरून आलेली घेरीही हृदयाच्या नावावर खपते.

भीतीही मोजता येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली त्यासाठी चार प्रश्नांची पट्टी तयार केली. पुढे तिच्यात हिरडीत टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनाविषयी पाचवा प्रश्न जोडला गेला. उद्या दवाखान्यात जायचे असेल तर कसे वाटेल, बाहेर बसून वाट पाहताना कसे वाटेल, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे देऊन पाच ते पंचवीस गुण होतात. एकोणीस किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र भीती. हे प्रश्न कागदावरच असायला हवेत असे नाही. पांढरकवड्याच्या दवाखान्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी, तेलुगू आणि बंजारा बोलणारी माणसे येतात. कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेल्या आजीला नातवाच्या तोंडून तिच्या भाषेत सांगता आले, की आधी हिरडीला मलम लावू, मग मुंगी चावल्यासारखे होईल आणि मग जबडा जड वाटेल, तर तिच्या नाडीवर त्याचा परिणाम दिसतो.

बाकीच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. हृदयरोग्याला सकाळची वेळ द्यावी, बैठक लहान ठेवावी. एकाच दिवशी चार दाढा काढण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये आणि डॉक्टरांनी मानू नये. बधिर करणारे मलम आधी, बारीक सुई, सावकाश औषध, आणि भूल पूर्ण चढली याची खात्री झाल्याशिवाय चिमटा हातात घेऊ नये. हृदय-अपयशाच्या रुग्णाला सपाट आडवे केले तर दम लागतो, त्याला अर्धवट बसते ठेवावे. काम झाल्यावर लगेच बसवर पाठवू नये, थोडा वेळ बाकावर बसवून नाडी पाहावी. भूल उतरल्यावरच्या वेदनेसाठी गोळी भूल असतानाच द्यावी, कारण घरी गेल्यावर रात्री उठणारा ठणकाही हृदयावर ताणच टाकतो.

बिघडलेच तर

सुईनंतर छातीच्या मधोमध दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, थंड घाम किंवा दम लागणे असे काही झाले आणि पाच-दहा मिनिटांत ओसरले नाही, तर ते ‘घाबरल्यामुळे’ आहे असे समजून थांबू नये. जबड्यातले दुखणे दाढेचेच आहे असे धरून चालणे इथे विशेष घातक ठरते. काम थांबवावे, १०८ ला फोन लावावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. अ‍ॅलर्जी नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावायला द्यावी. जिभेखालची नायट्रेटची गोळी रक्तदाब चांगला असेल तरच. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर खुर्ची पूर्ण आडवी करून, पाठीमागे आधाराला स्टूल सरकवून, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला लागावे.

झटका आणि ताकोत्सुबो यांतला फरक दवाखान्यात कळत नाही आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या ईसीजीवरही खात्रीने कळत नाही. रक्तातले ट्रोपोनिन दोन्हींत वाढते. हृदयवाहिन्यांची तपासणी होईपर्यंत प्रत्येक रुग्णाला झटका आला आहे असेच धरून चालावे लागते, आणि तेच बरोबर आहे. ती तपासणी नागपूर किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीसारख्या ठिकाणी होते. नागपूर पांढरकवड्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ गावाला खेटून जातो ही जमेची बाजू, पण पहिली दहा मिनिटे दवाखान्यात वाया गेली तर चांगला रस्ताही ती भरून काढत नाही. पुढे सोनोग्राफीत हृदयाचे टोक फुगलेले आणि वाहिन्या मोकळ्या दिसल्या, तर उपचारांची दिशा बदलते. काही ताकोत्सुबो रुग्णांत हृदयातून रक्त बाहेर जाण्याच्या वाटेवरच अडथळा तयार होतो. त्यांना रक्तदाब वाढवायला दिलेली अ‍ॅड्रेनलिनसारखी औषधे अपाय करतात. म्हणून दंतवैद्याने सोबत एक चिठ्ठी द्यावी: किती वाजता, कोणते औषध, किती मिलिलिटर, सुईआधीचा रक्तदाब आणि नाडी किती. पुढच्या डॉक्टरला या चार ओळी फार उपयोगी पडतात.

तालुक्याच्या गावाने काय करावे

यातले काहीही महागडे नाही. रक्तदाबाचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ऑक्सिजनचे सिलिंडर, अ‍ॅस्पिरिन, साखर आणि अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅड्रेनलिनची कुपी प्रत्येक दंतवैद्याकडे असायला हवी. छातीवर दाब देण्याचा सराव मदतनिसालाही हवा, कारण डॉक्टर एकटे पुरे पडत नाहीत. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि सावंगीचे शरद पवार दंत महाविद्यालय आवाक्यातल्या अंतरावर आहेत. तिथल्या अध्यापकांनी वर्षातून एकदा तालुक्याच्या गावी येऊन स्थानिक दंतवैद्य आणि उपजिल्हा रुग्णालयातले कर्मचारी यांचा एकत्र सराव घेतला, तर गंभीर रुग्ण कुठे, कसा आणि कुणाला फोन करून पाठवायचा हे आधीच ठरलेले राहील.

नोंदणी नसलेल्या हातांकडून दात काढून घेणे थांबायला हवे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून नोंदणी बंधनकारक आहे, तरी आठवडी बाजारांच्या कडेला बसून दात उपटणारे अजून भेटतात. तिथे रक्तदाब मोजला जात नाही, मात्रा मोजली जात नाही, आणि बिघडले तर जबाबदार कुणीच नसतो.

उरलेला भाग आपल्या सगळ्यांचा आहे. आशाताई गावात रक्तदाब तपासायला येतात तेव्हा तोंडही दाखवावे. महिला बचत गटाच्या बैठकीत दाढेच्या ठणक्याचा विषय निघावा. पन्नाशीच्या पुढच्या बाईने आपले दुखणे वेचणीनंतरवर टाकू नये, आणि घरातल्यांनी तिला टाकू देऊ नये. हृदयाचा आजार असलेल्या माणसाने भीतीपोटी दाढ तशीच ठेवणे हाच खरा धोक्याचा मार्ग आहे: संसर्ग वाढतो, भूल फसते आणि शेवटी तीच सुई अधिक वाईट अवस्थेत घ्यावी लागते. वेळेवर आलेला, गोळ्या घेतलेला, जेवून आलेला, काय होणार ते समजलेला रुग्ण आणि आधी रक्तदाब मोजून, मात्रा मोजून, पूर्ण भूल देणारा डॉक्टर, एवढे जुळले तर हृदयरोग्याची दाढही पांढरकवड्यात निर्धोकपणे निघू शकते. हे जुळवून आणायला मोठ्या शहराची वाट पाहायचे कारण नाही.